वाचकांचे प्रश्न : उपचारांमुळे झालेले मृत्यू मोजतात कसे?

औषधांच्या दुष्परिणामांवर या मासिकात लेख आल्यापासून वाचकांची बरीच पत्रे आली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक पत्रांत कुठला ना कुठला आकडा आहे. काही पत्रे वैद्यकावर संतापलेली आहेत, तर काही वैद्यकाची बाजू घेऊन आमच्यावर. एकाच विषयाची पत्रे एकत्र करून, शक्य तिथे मूळ प्रश्न थोडक्यात देऊन, ही उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : ‘हृदयविकार आणि कर्करोग यांच्या खालोखाल अमेरिकेत सर्वाधिक माणसे वैद्यकीय चुकांमुळे मरतात’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचले आहे की ते आता सर्वमान्य झाल्यासारखे वाटते. ते खरे आहे का?

हे वाक्य ज्या लेखामुळे जगभर पसरले, तो लेख २०१६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक मार्टिन मॅकरी आणि मायकल डॅनियल हे होते, आणि त्यांनी दिलेला आकडा वर्षाला २,५१,४५४ मृत्यू असा होता. या लेखासाठी नव्याने एकही रुग्ण किंवा एकही केस पेपर तपासलेला नव्हता, ही पहिली लक्षात घेण्याची गोष्ट. आधी झालेल्या चार अभ्यासांतून रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी किती टक्के रुग्ण चुकीमुळे दगावले याची सरासरी काढली, ती साधारण ०.७१ टक्के निघाली, आणि तिला २०१३ सालच्या ३,५४,१६,०२० रुग्णालय-दाखल्यांनी गुणले. आकडा आला तो एवढ्याच गणितातून.

आता ते चार अभ्यास जरा जवळून पाहू. एक बिलांसाठी भरलेल्या संगणकीय नोंदींवर बेतलेला होता. उरलेल्या तिघांत केस पेपर खरोखर वाचले गेले होते. त्यांपैकी पहिल्यात मेडिकेअर या सरकारी योजनेतले, म्हणजे प्रामुख्याने पासष्टी ओलांडलेले, ७८० रुग्ण होते आणि मृत्यू १२. दुसऱ्यात तीन मोठ्या रुग्णालयांतले ७९५ केस पेपर आणि मृत्यू ९. तिसऱ्यात नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या दहा रुग्णालयांतले २,३४१ दाखले आणि मृत्यू १४. बेरीज केली तर ३५ होते. वर्षाला अडीच लाखांच्या दाव्याखाली प्रत्यक्ष वाचलेल्या केस पेपरांतले मृत्यू एवढेच आहेत. शिवाय हे अभ्यास ‘रुग्णाला उपचारादरम्यान काही इजा झाली का’ हे शोधण्यासाठी रचलेले होते. ती इजा टाळता आली असती का, आणि ती टळली असती तर माणूस जगला असता का, हे निराळे प्रश्न आहेत, आणि ‘चुकीमुळे मृत्यू’ म्हणायचे तर या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी यावी लागतात. वृद्धांमध्ये सापडलेले प्रमाण साडेतीन कोटी दाखल्यांना सरसकट लावताना त्या दाखल्यांत बाळंतपणासाठी आलेल्या लाखो तरुण स्त्रियाही आहेत, याचेही भान राहिलेले नाही.

असा एखादा आकडा समोर आला की मी आधी एक ढोबळ पडताळा घेतो. अमेरिकेत २०१३ मध्ये सर्व कारणांनी मिळून सुमारे २६ लाख माणसे वारली. रुग्णालयांत होणारे मृत्यू त्या काळात वर्षाला सात लाखांच्या आसपास होते (२०१० साठी नोंदलेला आकडा ७,१५,००० आहे). म्हणजे अडीच लाखांचा दावा खरा मानायचा तर रुग्णालयात मरणाऱ्या दर तीन माणसांतला एक वैद्यकीय चुकीने मरतो, असे म्हणावे लागते. ज्यांनी मृत रुग्णांचेच केस पेपर घेऊन एकेक तपासले, त्यांना याच्या जवळपासही प्रमाण सापडलेले नाही. ते आकडे पुढे येतीलच.

राहिला ‘तिसरा क्रमांक’. मृत्यूच्या कारणांची अधिकृत यादी मृत्यूच्या दाखल्यावरच्या मूळ कारणावरून तयार होते आणि तिच्यात प्रत्येक मृत व्यक्ती एकदाच मोजली जाते. चुकीमुळे दगावलेला म्हणून धरलेला हृदयरुग्ण त्या यादीत हृदयविकाराच्या रकान्यात आधीच बसलेला असतो. एका मापाने भरलेल्या पोत्यांच्या रांगेत दुसऱ्याच मापाने भरलेले पोते आणून उभे करावे आणि त्याचा क्रमांक लावावा, तसा हा प्रकार आहे.

प्रश्न : माझ्याकडे एक जुने टिपण आहे. त्यात अमेरिकेत उपचारांमुळे वर्षाला ७,८३,९३६ माणसे मरतात असे म्हटले आहे. अंदाज असता तर ‘सुमारे आठ लाख’ म्हटले असते. इतका काटेकोर आकडा कुणी मनाने कसा लिहील?

मनाने लिहिलेला नाही, बेरजेने आला आहे. २००३-०४ च्या सुमारास फिरू लागलेल्या एका अहवालातली ही बेरीज आहे आणि तिच्या आठ ओळी अशा आहेत : औषधांचे दुष्परिणाम १,०६,०००, वैद्यकीय चुका ९८,०००, अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमा १,१५,०००, संसर्ग ८८,०००, कुपोषण १,०८,८००, रुग्णालयाबाहेरचे उपचार १,९९,०००, अनावश्यक शस्त्रक्रिया व प्रक्रिया ३७,१३६, आणि शस्त्रक्रियेशी संबंधित इतर मृत्यू ३२,०००. कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करून पाहावी, बरोबर ७,८३,९३६ येते. शेवटचे ‘९३६’ फक्त दोन ओळींमुळे आले आहेत. उरलेल्या सहा ओळी हजारांत गोळाबेरीज केलेल्या आहेत. पहिल्याच ओळीतल्या १,०६,००० या अंदाजाला त्याच्या मूळ लेखकांनी ७६,००० ते १,३७,००० अशी मर्यादा दिली होती. एका ओळीत तीस हजारांचा चढउतार शक्य असताना बेरजेच्या शेवटी नऊशे छत्तीस मिरवण्यात काही अर्थ नाही.

खरी अडचण मात्र गोळाबेरजेची नाही. महिनाभर अंथरुणाला खिळलेली, नीट न जेवणारी एखादी वृद्ध रुग्ण डोळ्यांसमोर आणा. तिच्या पाठीला जखम होते, जखमेत संसर्ग होतो आणि ती दगावते. वरच्या यादीत तिची जागा जखमांच्या ओळीत, संसर्गाच्या ओळीत, कुपोषणाच्या ओळीत, आणि निष्काळजी झाली असेल तर चुकांच्या ओळीतही आहे. ओळी वेगवेगळ्या अभ्यासांतून, वेगवेगळ्या वर्षांतून उचललेल्या असल्यामुळे ती किती वेळा मोजली गेली हे तपासायला मार्गच उरत नाही. अंथरुणातल्या जखमेसह मेलेला प्रत्येक माणूस त्या जखमेने मेला असे धरणे हाही दोष आहेच.

या यादीतल्या औषधांच्या ओळीविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण ती स्वतंत्रपणेही सतत उद्धृत होते. हा आकडा १९९८ साली लझारू आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तीन दशकांत झालेल्या ३९ अभ्यासांची गोळाबेरीज करून १९९४ सालासाठी त्यांनी तो काढला. त्यात चुकीचे औषध किंवा चुकीचा डोस दिल्याच्या घटना मुद्दाम वगळल्या होत्या. ते योग्य रीतीने दिलेल्या औषधांचे परिणाम होते. म्हणून या ओळीला ‘डॉक्टरांच्या चुका’ म्हणणारा माणूस मूळ लेख न वाचताच बोलत असतो, असे खुशाल समजावे.

प्रश्न : मृत्यूच्या दाखल्यांवरून मोजले तर हे आकडे फारच लहान येतात असे एका नातेवाइकाने दाखवून दिले. मग सरकारी नोंद खरी की संशोधकांचे अंदाज?

आपल्या नातेवाइकांचे निरीक्षण बरोबर आहे. अमेरिकेतल्या दाखल्यांवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १९९० ते २०१६ या सत्तावीस वर्षांत उपचारांचे दुष्परिणाम हे मूळ कारण असलेले मृत्यू एकूण १,२३,६०३ आढळले, म्हणजे सरासरीने वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास. पण हा आकडा वास्तवापेक्षा कमी असणार, आणि त्याची कारणे दाखला भरण्याच्या पद्धतीतच आहेत. दाखल्यावर कारणांची साखळी लिहायची असते, आणि गणनेत घेतले जाते ते साखळीच्या मुळाशी असलेले कारण. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, टाके सुटले, पोटात पू झाला आणि रुग्ण वारला, तर नियमानुसार मूळ कारण म्हणून सामान्यतः कर्करोगच निवडला जातो, कारण शस्त्रक्रिया त्याच्यासाठी झाली. यात लपवाछपवी असेलच असे नाही. अर्थात दाखला भरणारा डॉक्टर पुष्कळदा उपचार करणाऱ्यांपैकीच असतो, आणि स्वतःच्या हातून घडलेले तिथे लिहिण्याची हौस कुणाला नसते, हेही खरे. तेव्हा या आकड्याकडे ‘निदान इतके तरी’ अशा नजरेने पाहावे. तीच पद्धत वर्षानुवर्षे वापरली गेल्यामुळे प्रमाण वाढते आहे की घटते आहे हे पाहायला तो उपयोगी पडतो, एकूण किती हे सांगायला नाही.

प्रश्न : मी स्वतः डॉक्टर आहे. असले फुगवलेले आकडे छापून आपण रुग्णांचा विश्वास घालवता. ज्यांनी मृत्यूंची नीट छाननी केली, त्यांना चुकांमुळे झालेले मृत्यू नगण्य आढळले आहेत, हे आपण का लिहीत नाही?

छाननी झाली आहे हे खरे. तिचे निष्कर्ष ‘नगण्य’ या शब्दात मावतात का, ते पाहू.

२००१ साली हेवर्ड आणि होफर यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांसाठीच्या सात रुग्णालयांतल्या १११ मृत्यूंचे केस पेपर अनुभवी डॉक्टरांकडून तपासून घेतले. ‘अधिक चांगले उपचार मिळते तर हा मृत्यू निदान टळण्याचा संभव होता का’ या प्रश्नावर होकार मिळाला तो २२.७ टक्के मृत्यूंबाबत. ‘बहुधा किंवा नक्कीच टळला असता’ असे म्हटले तर प्रमाण ६ टक्क्यांवर आले. आणि रुग्ण मुळात किती आजारी होता हे धरून ‘तो शुद्धीत, बऱ्या अवस्थेत आणखी तीन महिने जगला असता का’ असे विचारल्यावर ते अर्ध्या टक्क्यावर उतरले. मृत्यू तेच, कागद तेच, डॉक्टर तेच. प्रश्नाचे शब्द बदलले आणि उत्तर पंचेचाळीस पट बदलले. शिवाय एकच केस पेपर दोन तपासनिसांना दिला तर त्यांचे मत फारसे जुळत नव्हते. या विषयावरचा माझ्या मते सर्वांत शिकण्याजोगा अभ्यास हाच, कारण तो आकड्यापेक्षा आकडा काढण्याच्या रीतीवर बोट ठेवतो.

त्यानंतर मोठ्या प्रमाणावरही असे काम झाले. इंग्लंडमधल्या दहा रुग्णालयांतल्या २००९ सालच्या एक हजार मृत्यूंपैकी ५.२ टक्के टाळता येण्याजोगे ठरले. देशभरासाठी तो अंदाज वर्षाला ११,८५९ असा निघाला. आठ अभ्यासांतल्या १२,५०३ मृत्यूंचे एकत्रित विश्लेषण २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रमाण ३.१ टक्के आढळले, आणि ते अमेरिकेला लावले तर वर्षाला सुमारे २२ हजार मृत्यू होतात. एरवी तीन महिन्यांहून अधिक जगण्याची शक्यता असलेल्यांपुरते पाहिले तर ७,१५०. अडीच लाखांपुढे हे आकडे लहान आहेत, यात वाद नाही. पण बावीस हजार टाळता येण्याजोग्या मृत्यूंना नगण्य म्हणणे मला पटत नाही, आणि आपल्यालाही पटू नये.

दुसरी गोष्ट आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. केस पेपर वाचून सापडते ती चूक. योग्य समजूनच दिलेल्या उपचाराने माणूस मेला, तर केस पेपरांत काहीही वावगे दिसत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या हृदयाचे जादा ठोके दाबण्यासाठी एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे एकेकाळी दिली जात. ठोके दबत, आलेख सुधारलेला दिसे. त्यांतला एखादा रुग्ण अचानक वारला, तर हृदयरोगाने वारला असेच कुणीही म्हटले असते, आणि तपासनीस कितीही कसलेला असला तरी त्याने वेगळे काही लिहिले नसते. मग ‘कास्ट’ या चाचणीत, जणू चिठ्ठ्या टाकून, ७५५ रुग्णांना ही औषधे आणि ७४३ जणांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. सरासरी दहा महिन्यांत औषधे घेणाऱ्यांतले ६३ वारले आणि निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांतले २६. या ६३ पैकी औषधाने मेलेले नेमके कोणते, हे आजही कुणी सांगू शकत नाही. पण औषधाने माणसे मेली हे मात्र, वर्षाला अडीच लाखांच्या दाव्यापेक्षा कितीतरी अधिक खात्रीने, आपल्याला माहीत आहे. ही खात्री ज्यातून आली ती गोष्ट म्हणजे तुलना : तशाच माणसांना तो उपचार न मिळता तर काय झाले असते, याचे उत्तर इथे अंदाजाने दिलेले नाही, मोजून दिले आहे.

व्हिएन्नातल्या रुग्णालयातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्याही हाती अशीच तुलना होती. एकाच इमारतीतल्या दोन प्रसूती विभागांत, कोणत्या वारी आल्या यावरून, स्त्रियांची वाटणी होई. १८४६ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागात ११.४ टक्के माता दगावल्या आणि सुइणींच्या विभागात २.८ टक्के. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येणारे हात हे त्याचे कारण त्यांना पुढच्या वर्षी उमगले. त्याआधी एकेका मृत्यूची छाननी करणाऱ्यांनी बाळंतज्वर असेच कारण लिहिले होते.

प्रश्न : एखाद्या रुग्णालयाचा मृत्युदर ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ असेल, तर तितके मृत्यू निष्काळजीमुळे झाले असे म्हणता येते का?

नाही. ‘अपेक्षित’ मृत्यूंचा हिशेब रुग्णांचे वय, निदान, सोबतचे आजार यांच्या नोंदींवरून होतो, आणि या नोंदी किती बारकाईने केल्या यावर तो हलतो. मरणासन्न रुग्ण घरी जातात की रुग्णालयात राहतात यावरही हलतो. इंग्लंडमध्ये ३४ रुग्णालयांतल्या ३,४०० मृत्यूंची छाननी करून पाहिले, तेव्हा अशा दराचा आणि टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा संबंध फारच क्षीण आढळला. वाढलेला दर चौकशीचे निमित्त ठरू शकतो, निकाल नव्हे.

प्रश्न : डॉक्टर संपावर गेले की मृत्यू कमी होतात असे म्हणतात. मग उपचारच घातक आहेत, याचा याहून थेट पुरावा कोणता?

ही दंतकथा नाही. अशा संपांवरच्या सात अभ्यासांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला आणि मृत्यूंत वाढ एकाही अभ्यासात दिसली नव्हती. काही ठिकाणी घट होती. १९७६ साली लॉस एंजेलिसमध्ये झालेला संप हे त्यातले सर्वाधिक गाजलेले उदाहरण. पण संपात काय थांबले होते ते पाहिले पाहिजे. तातडीचे विभाग चालूच होते. पुढे ढकलल्या गेल्या त्या सवडीने करण्याच्या शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेतला धोका त्याच आठवड्यात, फार तर त्याच महिन्यात भोगावा लागतो, आणि तिचा लाभ पुढची काही वर्षे मिळत राहतो. पाच-सहा आठवड्यांचीच खिडकी उघडून पाहिले तर धोका टळलेला दिसतो आणि गमावलेला लाभ दिसतच नाही. एवढे मात्र या अभ्यासांतून निश्चित निघते की सवडीची शस्त्रक्रिया ही किरकोळ गोष्ट नाही, आणि ती खरोखर हवी आहे का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : हे सगळे वाचून माझ्या वडिलांनी रोजची ॲस्पिरिनची गोळी बंद करायची ठरवले आहे. दुष्परिणामांमुळे रुग्णालयात जाणाऱ्यांत ॲस्पिरिनवाले पुष्कळ असतात असे त्यांनी वाचले. त्यांना काय सांगू?

त्यांनी वाचले ते बरोबर आहे. इंग्लंडच्या मर्सीसाइड भागातल्या दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या १८,८२० रुग्णांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १,२२५ जणांचे, म्हणजे साडेसहा टक्क्यांचे, दाखल होणे औषधाच्या दुष्परिणामाशी संबंधित होते आणि त्यांतले २८ दगावले. कारणीभूत औषधांत कमी मात्रेची ॲस्पिरिन, लघवी वाढवणारी औषधे, रक्त गोठू न देणारे वॉरफेरिन आणि वेदनाशामके प्रमुख होती, आणि मृत्यूंत पोटातल्या रक्तस्रावाचा वाटा मोठा होता. पण या पाहणीत ज्यांना रक्तस्राव झाला ते मोजले गेले. गोळीमुळे ज्यांना झटका आला नाही ते रुग्णालयात आलेच नाहीत, तर मोजणार कसे?

म्हणून वडिलांच्या बाबतीत आधी हे स्पष्ट करून घ्या की ती गोळी त्यांना कशासाठी दिलेली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा रक्तवाहिनीत स्टेंट बसवला असेल, तर गोळीचा लाभ चाचण्यांनी सिद्ध झालेला आहे, आणि ती आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. असे काहीही झालेले नसताना केवळ खबरदारी म्हणून ती चालू असेल, तर चित्र निराळे आहे : अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांविषयीच्या तज्ज्ञगटाने २०२२ साली, साठी गाठलेल्या अशा व्यक्तींनी ती नव्याने सुरू करू नये, असा सल्ला दिला आहे. दोन्ही परिस्थितींत डॉक्टरांकडे जाताना वडील घेत असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्या, विशेषतः गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या. पूर्वी कधी अल्सर किंवा काळी शौच झाली असेल तर ते आठवणीने सांगा, आणि ॲस्पिरिन चालू ठेवायची झाल्यास सोबत पोटाचे संरक्षण करणारे औषध लागेल का, हे विचारून घ्या.